बहुधा वंशज

३ मार्च, मंगळवार

हात वर केला. बेटोने जेसीबी जागच्या जागी थांबवलं. खोदताना आमच्या जुन्या लोकांची हाडं निघाली तर काम थांबवायचं, हीच माझी नोकरी. शहाणा माणूस आहे तो – माझा हात वर गेला की का, कशाला, काही विचारत नाही. किल्ली फिरवतो, खाली उतरतो, टोपी काढून उभा राहतो.

शिंपला होता. अबलोनीचा, म्हणजे मोठ्या समुद्री गोगलगायीचा, तळहाताएवढा, पालथा घातलेला. कडेला मणी सांडलेले. आणि शिंपल्याखाली कवटीची कड. लहान. फार लहान.

जागा कुठली, तर व्हिटलॉकसाहेबांच्या पोहण्याच्या तलावाची! चार वर्षं धड पाऊस नाही. गावात गाड्या धुवायला बंदी, आमच्या दारातलं गवत जळून गेलं, आणि या माणसाला कड्यावर तलाव हवाय. समोर अख्खा समुद्र पडलाय. त्यात उतर की!

तो घरातून कॉफीचा कप घेऊन आला. पहिला प्रश्न – "किती वेळ जाईल यात?" जमिनीत लेकरू सापडलंय आणि हा वेळ विचारतोय. मी म्हटलं, "लागेल तेवढा." तो हसला. दात फार पांढरे आहेत त्याचे.

माझं जाकीट काढून मी त्या जागेवर पांघरलं आणि शेजारी मातीत बसून राहिले. वारा बोचत होता. बेटोने त्याच्या जेवणातलं अर्धं माझ्या हातात दिलं. तोही बसला.

४ मार्च, बुधवार

सरकारी डॉक्टर आला. वाकला, बघितलं, "जुनं आहे, माझ्या कामाचं नाही," म्हणाला आणि गेला. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं त्याने.

मग मेगन. व्हिटलॉकने नेमलेली पुरातत्त्ववाली. पोरगी वाईट नाही, पण शिकलेलं सगळं लगेच बोलून दाखवायची खोड आहे. गुडघे टेकून मणी बघितले आणि डोळे चमकले तिचे. "टिली, हे सहाशे वर्षांपूर्वीचे तरी असतील! अशी घडण नंतर बंदच झाली." पुढे म्हणते, "थोडं पायाकडेही उघडू या का? नीट कळेल."

"काय कळेल? मूल आहे ते कळलं. मेलंय ते कळलं. अजून काय हवंय तुला?"

"वय, काळ..."

"त्याला नकोय तुझा काळ. माती परत लोट."

लोटली बिचारीने. एवढ्यात व्हिटलॉकने फोन काढला आणि खटाखट फोटो! "फक्त मुलांना दाखवायला." माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या आणि खड्ड्याच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, "तुझ्या आजीचं थडगं उकरते आणि माझ्या भाचरांना फोटो दाखवते. चालेल?"

म्हणाला, "ते वेगळं आहे."

कसं वेगळं ते सांग ना! फोटो मात्र पुसायला लावले, माझ्या डोळ्यांसमोर, एकेक करून.

५ मार्च, गुरुवार

हाडांचं काय करायचं ते ठरवायला सरकारने लालोला नेमलं. मला नाही. सरकारी भाषेत त्याला म्हणतात 'बहुधा वंशज'. बहुधा! म्हणजे असेल बुवा, नसेलही!

६ मार्च, शुक्रवार

कालचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

लालो माझा चुलतभाऊ. एका रक्ताचे आम्ही, पण वंशजांच्या यादीत नाव घालायला त्याने अर्ज केला आणि मी केला नाही. मी माझ्या लोकांची आहे हे मी परक्यांना अर्ज करून सांगू? डोंगरापलीकडच्या आपल्या लोकांना निदान सरकार ओळखतं. आम्ही किनाऱ्यावरचे, इथले मूळचे, तरी सरकारच्या लेखी नाहीच. पाद्र्यांच्या जुन्या मिशनच्या भिंतीमागे आमचे कित्येक जण एकावर एक पुरलेत, त्यांच्यावर साधा दगड नाही. पण हाडं सापडली की मात्र धावाधाव – शोधा रे यांचा कोणीतरी! सही करायला माणूस हवा असतो त्यांना. आता लालो जे म्हणेल ते माझं म्हणणं. मी नुसती यंत्राशेजारी उभी राहणारी बाई.

चोना आत्याला आज सांगितलं. तीन दिवस टाळलं होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तिला असलं काही सांगितलं की दिवसभर जेवत नाही. ती रेडिओवर बेसबॉल ऐकत होती. मी म्हटलं, "आत्या, लहान मूल सापडलंय. गविओटाच्या रस्त्याला, कड्यावरच्या त्या मोठ्या घराच्या मागे. शिंपल्याखाली."

तिने रेडिओ बंद केला. सामना रंगात होता तरी. मग म्हणे, "तिथे मिरीचं झाड आहे का अजून?"

"आहे, ते लाल दाण्यांचं. का?"

"काही नाही. बीन्स लागतील खाली, गॅस बघ."

झालं. संपलं बोलणं! आयुष्यभर हेच. विद्यापीठातले लोक टेप घेऊन हिच्यासाठी येतात. त्यांना बिस्किटं देते, गाणं देत नाही. मला तरी कुठे देते? मी विचारलं की 'बघू' आणि मग 'जेवलीस का'.

८ मार्च, रविवार

लालो जेवायला आला होता. आत्याने त्याच्या आवडीची मिरचीची रस्साभाजी केली, वर ओकच्या फळांची लापशीसुद्धा – ती माझ्या वाढदिवसाला करत नाही! लाडका ना तो.

जेवण होईपर्यंत मी तोंड बंद ठेवलं. बशा उचलल्या आणि विचारलं, "काय ठरवलंस?"

"हलवायचं." सरळ सांगितलं त्याने. "मिरीच्या झाडापलीकडे, जागेच्या टोकाला एक तुकडा देतोय तो. कुंपण घालून. कायमचा. तिथे नीट पुरू."

"ते नीटच पुरलेलं आहे, लालो! कोणीतरी पुरलंय ना त्याला? आईने पुरलं असेल. डोक्यावर शिंपला ठेवून. ती म्हणाली होती का, पुढे कोणाला डुंबायचं असलं तर माझं पोर सरकवा म्हणून?"

"तू ओरडलीस की तलाव सरकतो का?"

"तू वाकलास की सरकतो?"

मग तोही तापला. म्हणाला, "त्या गोदामाच्या पायात हाडं निघाली तेव्हा मी नाही वाकलो. आठवतंय? 'हात लावू देणार नाही' म्हणालो. मुदत संपायची वाट बघितली त्यांनी आणि पहाटे खोक्यात भरून नेली हाडं. अजून मला कळलेलं नाही कुठे पुरली. मी तिथे नव्हतो, टिली! या वेळी मी तिथे असेन. माझ्या हातांनी उचलेन. एवढंच मिळतंय, एवढं मी घेतोय."

खरं आहे त्याचं. मला माहीत आहे खरं आहे. म्हणून तर जास्त संताप आला.

म्हटलं, "बहुधा वंशज आहेस, बहुधाच वाग."

आत्याने टेबलावर हात आपटला. "माझ्या घरात मेलेल्यांवरून भांडायचं नाही." लालोने टोपी उचलली आणि गेला. जाताना तिच्या कपाळाला ओठ लावले, माझ्याकडे बघितलं नाही.

माझं घर आहे हे, तसं बघितलं तर!

९ मार्च, सोमवार

लालोचा फोन नाही. मीही करणार नाही.

११ मार्च, बुधवार

जागेवर बैठक. व्हिटलॉक, त्याचा वकील, मेगन, लालो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

वकील तरुण, बुटाला चिखल लागू नये म्हणून फळीवर उभा. मी म्हटलं, तलाव घराच्या दुसऱ्या अंगाला घ्या, तिकडे मोकळी जागा आहे, मी स्वतः बघितलीये, काही निघणार नाही. व्हिटलॉक म्हणाला, "तिकडून सूर्यास्त दिसत नाही."

लिहून ठेवते. सूर्यास्त दिसत नाही.

मग वकील माझ्याकडे वळला. अगदी गोड आवाज. "बाई, एक समजून घ्यायचंय. या अवशेषांशी तुमचं नेमकं नातं काय?"

"आमचं माणूस आहे ते."

"हो, पण नेमकं? सहाशे वर्षं म्हणजे फार लांबचं झालं. नातं दाखवता येईल का तुम्हाला?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! काय दाखवू? कोण कोणाचं ते कुठून आणू? तुमच्याच लोकांनी आमची गावं उठवली, नावं बदलली, पोरांच्या तोंडातली भाषा काढून घेतली, आणि आता विचारता पुरावा काय? हे सगळं बोलले मी. मोठ्याने बोलले. लालो खाली बघत होता. मेगन रडवेली झाली.

वकील म्हणाला, "म्हणजे नाही दाखवता येत."

त्याने खिशातून रुमाल काढून बुटाचं टोक पुसलं.

१२ मार्च, गुरुवार

रात्रभर त्याला उत्तरं देत होते मनात. एकाहून एक सुचतात आता. काय उपयोग!

आणि खरी चीड वेगळीच आहे. आमच्या घरात तरी कुठे काय ठेवलंय? बाबा गेले तेव्हा आत्याने सगळं जाळलं. अंथरूण, कपडे, चाकूची मूठ, फोटोसुद्धा. एक फोटो राहू दे म्हटलं तर म्हणाली, "त्याला अडकवून ठेवायचंय का तुला इथे?" तेव्हापासून तिने बाबांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. 'तुला मोठं केलं तो' म्हणते. स्वतःच्या आईचंही तेच. 'मला जन्म दिला ती'. गेलेल्याला हाक मारली की तो वाटेतून मागे वळतो, म्हणून मारायची नाही. ठीक आहे, रीत आहे, मी पाळते. पण मग कोण होतं, कोणाचं होतं, कुठे राहत होते, कळायचं कसं? लिंबाच्या मळ्यात कामाला होते म्हणे सगळे. कुठल्या मळ्यात? "होता एक." बस!

त्या वकिलाने विचारलं ते झोंबलं, कारण मला खरंच माहीत नाही. मला माझा पणजोबासुद्धा माहीत नाही. रागाने बशी फुटली हातातून. चांगली होती.

१४ मार्च, शनिवार

आत्याला किनाऱ्यावर नेलं. दर वर्षी याच दिवसांत तिचा हट्ट असतो. बाकी वर्षभर समुद्राचं नाव काढणार नाही, पण मार्च आला की "चल, ने मला." आणि तिथे जाऊन करते काय? कड्याखालच्या वाळूत खुर्ची मांडायची, समुद्राकडे पाठ आणि तोंड कड्याकडे. लाटा बघायला आलेले लोक हसतात. हातात काठी. वाळूत डांबराचे काळे गोळे वाहून आलेले असतात, ते काठीने उकरत बसते. एक झाला की दुसरा. लहान होते तेव्हा मला वाटायचं हिचं काहीतरी हरवलंय. आता वाटतं, सवय.

आज वर बघितलं तर व्हिटलॉकच्या घराच्या काचा चमकत होत्या. बरोबर आमच्या डोक्यावर. इतकी वर्षं हीच जागा! मला त्या काचा बघवेनात.

"आत्या, तुला ते जुनं गाणं येतं. पुरतानाचं. तू एकदा तिथे ये, त्यांच्यासमोर उभी राहा. तू सांगितलंस तर लालो ऐकेल. तू सगळ्यांत मोठी आहेस, तुझं कोणी तोंड धरू शकत नाही."

ती गोळा उकरत राहिली.

"तुझ्या डोळ्यांदेखत लेकरू उपसून नेतील गं! काहीच वाटत नाही तुला?"

"हळू बोल," म्हणाली.

"का हळू बोलू? कोण आहे इथे ऐकायला?"

तिने काठी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलेल. म्हणाली, "मला घरी ने."

घरी आल्यावर तिच्या तळव्यांना चिकटलेलं डांबर काढत बसले. स्वयंपाकाचं तेल चोळायचं आणि फडक्याने पुसायचं, याला दुसरा उपाय नाही. इतका राग आलेला असताना कोणाचे पाय पुसणं फार अवघड आहे. पाय एवढे एवढेसे झालेत तिचे.

१६ मार्च, सोमवार

लालोने सही केली. पुढच्या सोमवारी हलवणार.

१७ मार्च, मंगळवार

कामावर गेले नाही. गेले असते तर कोणाच्या तरी अंगावर धावून गेले असते.

१९ मार्च, गुरुवार

शेवटी लालोने फोन केला. माझ्याशी नाही, आत्याशी बोलायला! मी फोन तिच्या हातात दिला आणि दाराशी उभी राहून ऐकलं. बेधडक ऐकलं, लपून नाही.

त्याला ती यायला हवीय सोमवारी. नुसतं बसायला. गायली तर उत्तमच. "तू असलीस तर त्याला भीती वाटणार नाही," असं म्हणाला असावा, कारण आत्या म्हणाली, "त्याला कसली भीती? तो कधीच कशाला भ्यायचा नाही." मग म्हणाली, "येते मी."

येते मी!

मी विनवलं तेव्हा 'मला घरी ने'. आणि उकरायला बोलावलं तर 'येते मी'! मी तोंडावर सांगितलं तिला – "म्हणजे तूही त्यांच्यातलीच. तू तिथे बसलीस की सगळे म्हणणार, बघा, म्हातारीचीसुद्धा संमती आहे. व्हिटलॉक तुझ्याबरोबर फोटो काढेल."

ती म्हणाली, "माझा हिरवा स्वेटर धुतलेला आहे का?"

मी बाहेर जाऊन गाडीत बसले. काचा वर केल्या आणि ओरडले. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

२० मार्च, शुक्रवार

बेटो भेटला बाजारात. म्हणाला, सोमवारी जेसीबी चालवणार नाही, हातानेच करायचंय सगळं, पण मी येतो. "पगारी नाही, तसाच." मी त्याला म्हटलं, "तू बहुधा वंशज नाहीस ना पण?" हसला. खूप दिवसांनी मीही हसले.

"तुमच्या त्या गोष्टीत," म्हणाला, "इंद्रधनुष्याच्या पुलावरून बेटावरून इकडे येताना जे खाली पडले, त्यांचे डॉल्फिन झाले ना? मग जमिनीत राहिले त्यांचं काय होतं?"

"त्यांचे तलाव होतात," मी म्हटलं.

परत राग आला.

२२ मार्च, रविवार

आत्या सकाळपासून जुन्या पेटीपाशी. मला जवळ येऊ देईना. दुपारी हाक मारली. मांडीवर सशाच्या कातड्याचं लहानसं पांघरूण, पट्ट्या विणून केलेलं. मी असं काही या घरात कधी बघितलेलं नाही.

"हे कोणाचं?"

"मला जन्म दिला तिने केलं होतं. पुरं झालं नव्हतं तेव्हा. मागून पुरं केलं." मग म्हणे, "केवढं आहे ते?"

"काय केवढं?"

"मूल."

मी हात पसरून दाखवलं. मेगन म्हणाली होती तेवढं. आत्याने माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये पांघरूण धरून बघितलं. पुरत होतं. मान हलवली तिने.

"सहाशे वर्षं झालीत त्याला," मी म्हटलं. "थंडी नाही वाजायची आता."

तोंडातून गेलं. किती वाईट बोलले मी. पण तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि घडी घालायला लागली. एकदा मनासारखी झाली नाही, परत उलगडली. परत घातली.

उद्या जायचं. मी लालोशी बोलणार नाही, व्हिटलॉककडे बघणार नाही. आत्याला खुर्चीत बसवीन आणि उभी राहीन. हात मात्र वर करीन. कोणी थांबणार नाही, तरी करीन.

२३ मार्च, सोमवार

वकील, व्हिटलॉक, मेगन, बेटो, सगळे होते. लालो खड्ड्यात गुडघ्यांवर. मी हात वर केला. कोणी थांबलं नाही. मेगनने पायाकडे कुंचला लावला तेव्हा आत्या खुर्चीतून म्हणाली, "डाव्या पायात बूट असेल. उजवा नाही."

मेगन म्हणाली, "आजी, हे फार जुनं आहे, त्या काळी..." आणि थांबली. डाव्या पायाशी बुटाचा कातडी तळ होता. जेमतेम माझ्या पंजाएवढा. गंजलेले खिळे.

"उजवा खाली किनाऱ्यावर डांबरात रुतला. तो चार वर्षांचा, मी सात, मला ओढता आला नाही. तसाच अनवाणी आणला घरी. मग त्याला ताप आला. तेव्हा इथे लिंबाचा मळा होता, त्याच्या मालकाला न कळता माझ्या आईने इथे ठेवला, तिच्या आजीकडून आलेले पिढ्यान्पिढ्यांचे मणी घालून. मला शपथ घातली – बोललीस तर लोक त्याला उकरतील." लालोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आता उकरलाच. आता बोलते. माझा धाकटा भाऊ आहे तो. हलवायचा नाही."

लालोने हातातली माती खाली ठेवली. मेगनने कुंचला. व्हिटलॉकने वकिलाकडे बघितलं, वकिलाने फळीकडे. मी त्याला म्हटलं, "नेमकं नातं विचारलं होतं ना तुम्ही? काका. सख्खा काका, माझा आणि लालोचा. आमच्या दोघांच्या वडिलांहून थोरला. वय वर्षं चार."

पांघरूण घातलं त्याला. माती लालोने आणि मी लोटली, हातांनी, आहे तिथेच. आत्याने खुर्ची जवळ घ्यायला लावली, वाकली आणि नाव घेऊन त्याला हाक मारली. तिच्या तोंडून गेलेल्या माणसाचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

नाव इथे लिहीत नाही.